थोडं परकं असलेलं बरं

मटण खाणाऱ्या घरात नळीवरून भांडणं होतात. ज्याच्या वाट्याला ती येते तो ताटाच्या काठावर ठोकतो, तोंडाला लावून शोषतो, आणि आतला लुसलुशीत, तेलकट गर जिभेवर आला की बाकीचे हेव्याने बघत राहतात. त्या गराचं शास्त्रीय नाव अस्थिमज्जा. आपल्याही हाडांत ती असते. तान्ह्या मुलाच्या जवळपास सगळ्याच हाडांत ती लालभडक असते. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा पिवळी, चरबीची होत जाते आणि लाल मज्जा मुख्यतः कंबरेचं हाड, छातीचं हाड, फासळ्या, मणके आणि कवटी एवढ्यात उरते.

उरते तेवढीही पुष्कळ झाली. मोठ्या माणसाची लाल मज्जा रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार करते. म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांतून कोटभर नव्या पेशी रक्तात उतरल्यासुद्धा. शिवाय पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्याच. आणि हा सगळा गोतावळा मोजक्या मूळपेशींचा. त्या इतक्या विरळ की मज्जेतल्या हजारो पेशींत एखादी सापडायची.

अशा पेशी असतातच, याचा पुरावा टोरोंटोत मिळाला. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी उंदरांना जीवघेणा किरणोत्सर्ग दिला आणि मग निरोगी उंदरांची मज्जा त्यांच्या शिरेत सोडली. एका रविवारी मॅक्युलक प्रयोगशाळेत येऊन उंदीर तपासत होते, तेव्हा त्यांना उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. त्यांनी त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या गाठी जास्त. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली, आणि एकाच गाठीत वेगवेगळ्या जातींच्या रक्तपेशी! १९६१ साली हे छापून आलं आणि मूळपेशींचं शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झालं.

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया, आणि तो सुरू होतो याच गरात. एखादी पेशी वाढीच्या अर्ध्या वाटेवर अडकते. मोठी होऊन कामाला लागत नाही, मरतही नाही, नुसती स्वतःसारख्या पेशी काढत सुटते. काही आठवड्यांत मज्जेत दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मूल पांढरंफटक पडतं, ताप हटत नाही, न पडता-धडपडता अंगावर निळे डाग उठतात. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, टॉनिक देऊ.

१९४७पर्यंत अशा मुलासाठी डॉक्टरांकडे काही नव्हतं. मग बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाचं औषध वापरून पाहिलं. ते तयार झालं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत, भीमावरममध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेला गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. १९४८ साली फार्बरनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांतली १० सुधारली होती. आजार परतला, मुलं गेली, पण या कॅन्सरला मागे रेटता येतं हे पहिल्यांदा दिसलं. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्यांच्या औषधाचं भावंड, मेथोट्रेक्सेट, या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेही भलत्याच कामासाठी.

बोस्टनच्या याच वातावरणात तयार झालेला एक डॉक्टर म्हणजे एडवर्ड डॉनल थॉमस. जन्म १९२० चा, टेक्सासमधल्या मार्ट नावाच्या लहानशा गावातला, वडील तिथले खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर. थॉमसचा विचार वरवर पाहता अगदी सरळ होता. कॅन्सरच्या पेशी एकेक करून मारता येत नसतील तर सगळी मज्जाच मारून टाकू आणि दुसऱ्याची मज्जा आत सोडू. कोकणात भाताची रोपं टाकण्याआधी राब भाजतात, त्यातलाच हा प्रकार: तण, तणाचं बी, सगळं जाळून काढायचं आणि त्याच जागेवर नवं पेरायचं.

आता यातला मला सगळ्यात अद्भुत वाटणारा भाग. मज्जा देणाऱ्याच्या कंबरेच्या हाडातून जाड सुईने ती ओढून काढतात, गाळतात आणि पिशवीत भरतात. ती पिशवी रुग्णाच्या शिरेत साध्या रक्ताच्या बाटलीसारखी लावायची. बस. रुग्णाचं हाड कोणी उघडत नाही, भोक पाडत नाही. शिरेतून गेलेल्या पेशी हृदयातून, फुप्फुसांतून फिरतात आणि आपापल्या हाडांत जाऊन बसतात. हाडांतल्या पेशी एक रासायनिक खूण सोडतात, मूळपेशींच्या अंगावर ती ओळखणारा ग्राही असतो, आणि त्या मागावर त्या बरोबर पोचतात. शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्वतःचा पत्ता स्वतः शोधणारा दुसरा अवयव नाही.

थॉमसनी हे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावच्या इस्पितळात, सहकारी जोसेफ फेरेबी यांच्याबरोबर सुरू केलं. १९५७ साली सहा रुग्णांचा निबंध आला. किरणोत्सर्ग, मग शिरेतून मज्जा. सहांपैकी दोघांत ती तात्पुरती रुजली. शंभर दिवसांच्या आत सहाही गेले.

मग त्यांनी जुळी भावंडं शोधली. एकाच गर्भबीजाची, हुबेहूब एकसारखी जुळी, त्यांतल्या एकाला ल्युकेमिया. कारण उघड होतं. दुसऱ्याची मज्जा शरीर परकी म्हणून नाकारतं. जुळ्याची नाकारणार नाही. रक्ताचा कॅन्सर झालेल्या दोन मुलांना त्यांनी जबर किरणोत्सर्ग दिला आणि जुळ्या भावंडांची मज्जा दिली. १९५९ साली ते प्रसिद्ध झालं. मज्जा छान रुजली. रक्त नव्याने तयार होऊ लागलं. आणि काही महिन्यांत कॅन्सर परत आला.

त्या वेळी सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की जाळायला आच कमी पडली, काही पेशी वाचल्या. ते खरंच होतं. पण दुसरी अर्धी गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही, आणि ती तर आधीच छापून आली होती! १९५६ साली इंग्लंडमध्ये हारवेल इथे बार्न्स, लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला होता. ज्यांना स्वतःच्याच वाणाची मज्जा मिळाली त्यांच्यात कॅन्सर परतला. ज्यांना दुसऱ्या वाणाची मज्जा मिळाली ते खंगून मेले, पण त्यांच्यात कॅन्सर परतला नाही. परकी मज्जा उरल्यासुरल्या कॅन्सरवर हल्ला करत असावी, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं.

मज्जा हा फक्त रक्त बनवणारा अवयव नाही. शरीराची प्रतिकारशक्ती तिथेच जन्मते. मूत्रपिंड बसवलं तर रुग्णाचं शरीर त्या मूत्रपिंडाला नाकारू शकतं. मज्जा बसवली तर उलटंही होतं: आलेली मज्जा रुग्णाच्या शरीरालाच परकं मानते. तिच्यातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. कातडीवर पुरळ येतं, जुलाब थांबत नाहीत, कावीळ होते. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. साठच्या दशकात मज्जारोपण करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं ते यानेच. बहुतेकांनी नाद सोडला.

थॉमसनी सोडला नाही. माणसांवरचं काम थांबवून ते कुत्र्यांकडे वळले. कुत्र्यांच्या एका विणीत बरीच पिल्लं होतात, त्यामुळे कोणतं भावंड कोणाशी जुळतं हे पडताळता येतं. पेशींवरच्या ओळखखुणा जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची मज्जा दिली आणि नंतर काही दिवस मेथोट्रेक्सेट दिलं, तर पिल्लं जगत. हेच ते सुब्बारावांच्या औषधाचं भावंड. कॅन्सरसाठी जन्मलेलं औषध इथे नव्या मज्जेचा राग आवरायला वापरलं गेलं. माणसाच्या पेशींवरच्या अशाच खुणांचा, एचएलएचा, पहिला धागा १९५८ साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांच्या हाती लागला होता. या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका झुपक्यात बसलेली असतात. अर्धा झुपका आईचा, अर्धा बाबांचा. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक.

या सगळ्यात डॉटी थॉमसचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. टेक्सासच्या विद्यापीठात हिमवर्षाव झाला, तिथे तो क्वचितच होतो, आणि एका मुलीने मारलेला बर्फाचा गोळा थॉमसच्या तोंडावर बसला. तीच डॉटी. ती पत्रकारिता शिकत होती. लग्नानंतर नवऱ्याच्या कामात हात देता यावा म्हणून प्रयोगशाळा-तंत्रज्ञ झाली. मग पन्नासेक वर्षं रक्ताचे नमुने तपासणं, निबंधांची भाषा नीट करणं, अनुदानांचे हिशेब ठेवणं हे सगळं तिने केलं. पुढे नवऱ्याला मिळालेलं नोबेल मात्र तिला मिळालं नाही.

१९६८ साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या एका पाच महिन्यांच्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि तो वाचला. पुढच्याच वर्षी, आता सिएटलमध्ये काम करणाऱ्या थॉमसच्या चमूने ल्युकेमियाच्या रुग्णांना जुळणाऱ्या भावंडांची मज्जा द्यायला सुरुवात केली. १९७७ साली त्यांनी १०० रुग्णांचा हिशेब मांडला. सगळे असे, की औषधांनी हात टेकले होते. त्यांतले १३ जण कॅन्सरमुक्त जगत होते. शंभरात तेरा हा आकडा आज किरकोळ वाटेल. पण त्या शंभरांपुढे दुसरा रस्ताच नव्हता, हे ध्यानात घेऊन तो वाचायला हवा.

आता पुन्हा जुळ्यांकडे येऊ. १९७९ साली सिएटलच्याच चमूने आपले रुग्ण दोन गटांत पाहिले. ज्यांना जीव्हीएचडीचा त्रास झाला होता त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण, तो त्रास न झालेल्यांच्या तुलनेत अडीच पटींनी कमी निघालं. ज्या त्रासाला सगळे शत्रू समजत होते तोच आतून कॅन्सर निपटत होता. ऐंशीच्या दशकात काही केंद्रांनी दिलेल्या मज्जेतून टी-पेशी आधीच काढून टाकायला सुरुवात केली. जीव्हीएचडी खरंच कमी झाला. सगळे खूश. आणि मग ल्युकेमिया पुन्हा डोकं वर काढू लागला. १९९० साली २,२५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा चित्र पक्कं झालं: टी-पेशी काढलेल्या आणि हुबेहूब जुळ्याची मज्जा मिळालेल्या रुग्णांत कॅन्सर जास्त परततो.

जुळ्याच्या मज्जेला रुग्णाचं काहीच परकं वाटत नाही. त्याच्या कॅन्सरच्या पेशीही तिला घरच्याच वाटतात. त्यामुळे ती त्यांना हात लावत नाही. औषधं आणि किरणांनी मारून उरलेल्या मोजक्या पेशी शोधून संपवायचं काम थोड्या परक्या मज्जेचं. म्हणजे मज्जारोपणाच्या यशाचं श्रेय जाळण्याला जेवढं, तेवढंच पेरलेल्या बियाच्या भांडकुदळपणाला!

म्हणून १९९० चं वैद्यकाचं नोबेल मला मोठं गमतीचं वाटतं. ते दोघांत विभागून गेलं, थॉमस आणि जोसेफ मरे. दोघे बोस्टनच्या एकाच इस्पितळातले जुने मित्र. मरे यांनी १९५४ साली पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण केलं, तेही हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. मूत्रपिंडासाठी जुळा भाऊ म्हणजे लॉटरी. रक्ताच्या कॅन्सरला तोच जुळा भाऊ जरा कमी पडतो. एकाच व्यासपीठावर एकाच बक्षिसासाठी उभे राहिलेले हे दोन मित्र शरीराच्या ‘आपलं-परकं’ या हिशेबाची दोन टोकं घेऊन आले होते.

सिएटलला थॉमसकडे जगभरचे डॉक्टर शिकायला जात. त्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. सुरेश अडवाणी होते. जन्म कराचीचा, १९४७ चा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेताना, हा मुलगा डॉक्टर कसा होणार, असा प्रश्न निघाला होता. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शिक्षण पुरं केलं, कॅन्सरच्या औषधोपचाराची वाट धरली, सिएटलला जाऊन मज्जारोपण शिकले आणि परत परळला आले.

२० मार्च १९८३. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा देणारा तिचा भाऊ. देशातलं हे पहिलं यशस्वी मज्जारोपण मानलं जातं. सिएटलमध्ये त्यासाठी एक अख्खी संस्था उभी होती. इथे एका सरकारी अनुदानावरच्या इस्पितळात, गर्दीच्या परळमध्ये, जंतूंपासून जपलेली एक खोली तयार करण्यापासून सुरुवात होती.

अडवाणींचं याहून मोठं काम, माझ्या मते, फारसं कोणी सांगत नाही. मुलांमधल्या ल्युकेमियाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार लिम्फोब्लास्टिक. तो बहुतेकदा मज्जारोपणाविना, निव्वळ औषधांनी बरा होतो. श्रीमंत देशांत आज अशी दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. भारतात मात्र ज्याला जसं जमेल तशी औषधं दिली जात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले इयन मॅग्राथ आणि टाटातला चमू यांनी मिळून एक ठरीव उपचारक्रम आखला, एमसीपी-८४१. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथे तोच वापरायचा, त्याच मात्रा, त्याच क्रमाने, आणि नोंदी ठेवायच्या. यात चित्तथरारक काही नाही. पण वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण त्याने स्पष्ट वाढवलं. मज्जारोपणाची वेळच येऊ न देणं हेही मज्जारोपण करणाऱ्यांचंच काम.

ज्याच्यावर ती वेळ येते त्या मुलाची खोली कशी असते? दोन दारं, मधे हात धुवायची जागा. छताजवळ गाळलेल्या हवेचा सतत घुमणारा आवाज. आई मास्क आणि गाउनमध्ये. तिलाही बाहेर-आत करायची मुभा नाही. जेवण ताजं, कुकरमध्ये नीट शिजवलेलं. कच्ची कोशिंबीर बंद. आधी आठवडाभर जबर औषधं, काहींना किरण. मग ‘डे झीरो’. नर्स पिशवी आणते, नाव-नंबर दोन नर्स मिळून वाचतात, लावतात, आणि काही तासांत ती संपते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा हमखास प्रश्न, “झालं एवढंच?” एवढंच. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मुलाच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास शून्य. तोंड सोलवटलेलं, घोटभर पाणी गिळवत नाही. रोज सकाळी रक्त जातं आणि रोज दुपारी सगळ्यांचा एकच सवाल: काउंट आले का? एके दिवशी कागदावर ०.१ दिसतं. दुसऱ्या दिवशी ०.२. घरच्यांना तो आकडा पेढे वाटण्याजोगा वाटतो.

हळूहळू मुलाचा रक्तगट बदलून देणाऱ्याचा होतो. मुलाला बहिणीची मज्जा मिळाली असेल तर त्याच्या रक्तपेशींत मुलीची गुणसूत्रं सापडतात. गालाच्या, केसांच्या पेशी मात्र त्याच्या स्वतःच्या.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवं. लहानपणी अख्ख्या अंगावर किरण घेतलेल्या मुलांची उंची खुंटू शकते, ग्रंथींचं काम बिघडतं, पुढे मूल होण्यात अडचण येते. म्हणून किरण टाळून नुसत्या औषधांवर भागेल का, हे पाहायला अनेक देशांनी मिळून अभ्यास केला. २०२१ साली निकाल आला: चार वर्षांवरच्या मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात किरणच जास्त जीव वाचवतात. डॉक्टरांना हवं होतं ते उत्तर हे नव्हे, पण छापलं.

जुळणारं भावंड नसेल तर? पूर्वी इथे दार बंद व्हायचं. आता आई किंवा बाबा, जे नेहमीच अर्धे जुळतात, त्यांची मज्जाही चालते. युक्ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पक्की झाली. मज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे विषारी औषध भरपूर मात्रेत द्यायचं. ऐकायला आत्मघात वाटतो. नुकतीच दिलेली मज्जा मारून टाकायची? पण तोवर रुग्णाच्या शरीरावर चवताळून वाढायला लागलेल्या टी-पेशीच नेमक्या त्यात मरतात. मूळपेशींकडे या औषधाची धार बोथट करणारं विकर भरपूर असतं, म्हणून त्या बचावतात. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. भारतासारख्या देशाला याहून सोयीचं काय असणार?

टी-पेशींच्या भांडकुदळपणाचाच पुढचा अध्याय पवईत लिहिला गेला. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी काढून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या अशा उपचाराला, नेक्सकार१९ला, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये भारतात मान्यता मिळाली, ती १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी.

तरीही परक्या, पूर्ण जुळणाऱ्या दात्याची गरज संपलेली नाही. एचएलएच्या खुणा पिढ्यान्पिढ्या घराण्या-समाजांतून उतरत आलेल्या असतात, म्हणून मराठी मुलाला जुळणारा माणूस जर्मनीच्या यादीत सापडणं अवघड. जगभरच्या याद्यांत चार कोटींहून जास्त दाते आहेत. १४० कोटींच्या भारतातले त्यांत काही लाख. इथे नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यावा लागतो, एवढंच. पुढे कधी जुळलात तर बहुतेकदा हाताच्या शिरेतून, प्लेटलेट देतात तशाच यंत्रावर पेशी काढतात. कधी भूल देऊन कंबरेच्या हाडातून. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

तुम्ही अठरा वर्षांवरचे आणि धडधाकट असाल तर नाव जरूर नोंदवा, पण आधी घरच्यांशी बोलून, नीट विचार करून. कारण फोन येईल तेव्हा होकार देऊन ऐनवेळी माघार घेतली, तर पलीकडच्या मुलाची स्वतःची मज्जा तोवर औषधांनी संपवलेली असेल आणि त्याच्या हाडांत दुसरं काही नसेल.